पुण्यात अमेरिकन डायनरचा नाश्ता: पॅनकेक चिवट आणि हॅश ब्राउन काळे का होतात?

प्रश्न असा आहे: दहा वर्षं न्यू जर्सीत काढून एक कुटुंब पुण्यात परतलंय. मुलं तिकडे वाढलेली. रविवार उजाडला की त्यांना डायनरमधली (तिकडच्या साध्या खानावळीतली) भरलेली प्लेट आठवते: पॅनकेकची चळत, खरपूस बटाटे, बेकन, अंडी, वरून सिरप. घरी करून पाहिलं तर पॅनकेक चिवट होतात, हॅश ब्राउन (तव्यावर खरपूस केलेला बटाट्याचा कीस) वरून काळे आणि आतून गिच्च राहतात, आणि दुकानातलं सिरप मुलांना ‘तसं’ लागत नाही. अमेरिकेहून येणाऱ्या कुणाकडून तरी पॅनकेक मिक्स मागवावं का?

मिक्स मागवू नका. त्या खोक्यात मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर, सोडा आणि फार तर ताकाची भुकटी असते. यातलं सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तुमची अडचण जिन्नसांची नाही, पाण्याची आहे. आपलं ताक पातळ, आपला बटाटा पाणचट, स्वस्त बेकनमध्ये पाणी मुरवलेलं. अमेरिकन कृती जशीच्या तशी करायला घेतली की प्रत्येक पदार्थात थोडं थोडं पाणी जास्त जातं आणि सगळी प्लेट बिघडते. दुसरी अडचण आचेची आहे. तिच्याबद्दल प्रत्येक ठिकाणी सांगतो.

आधी मापं. अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा असतो. आपल्याकडच्या मापांच्या संचात २०० पासून २५० पर्यंत काहीही निघतं. तेव्हा कप बाजूला ठेवा आणि वजनकाटा घ्या. अमेरिकन कृतीतला एक कप मैदा म्हणजे १२० ते १२५ ग्रॅम. ‘एक मोठं अंडं’ म्हणजे कवच काढून ५० ग्रॅम; आपली अंडी बरेचदा त्याहून लहान असतात, त्यामुळे तीन-चार अंड्यांच्या कृतीत एखादं जास्त लागतं. खाली मोठा चमचा म्हणजे १५ मिलि आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलि, सपाट भरून.

पॅनकेक

तिकडच्या कृतीतलं ‘बटरमिल्क’ म्हणजे आपलं ताक, असं समजून बहुतेक जण फसतात. अमेरिकेत दुकानात मिळणारं बटरमिल्क हल्ली घुसळून काढलेलं नसतं. कमी चरबीच्या दुधाला विरजण लावून ते आंबट आणि दाट केलेलं असतं. आपलं ताक त्यापुढे अगदी पाणी. त्याच्या जागी दही आणि दूध मिसळून वापरा. दही घरचं असेल तर वर सुटलेलं पाणी ओतून टाका, मग वजन करा.

नऊ-दहा पॅनकेकसाठी १९० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खायचा सोडा आणि अर्धा लहान चमचा मीठ एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात २५० ग्रॅम दही, १०० मिलि दूध, एक अंडं आणि ४० ग्रॅम वितळवून कोमट केलेलं लोणी फेटा. लोणी खारं असेल तर वरचं मीठ निम्मं करा. फ्रिजमधल्या थंडगार दह्यात लोणी ओतलं तर त्याचे कण गोठतात, म्हणून दही-दूध अर्धा तास आधी बाहेर काढा.

आता ओलं मिश्रण कोरड्यात ओता आणि चमच्याने दहा-बारा वेळा खालून वर घ्या. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गाठी राहतील, त्या राहू द्या. आपल्या हाताला भज्यांचं पीठ फेटायची सवय असते, आणि नेमकी तीच इथे नडते. मैदा ओला करून जितका घोटाल तितकं ग्लुटेनचं (मैद्यातल्या चिकट प्रथिनाचं) जाळं घट्ट होतं. तुमच्या चिवट पॅनकेकचं कारण बहुधा हेच. दहा मिनिटं झाकून ठेवलं की गाठी आपोआप मुरतात. अर्धा तास मात्र ठेवू नका, कारण दही लागताच सोड्याचा वायू सुटायला लागलेला असतो.

पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट हवं, डोशाच्या पिठासारखं पसरणारं नको. पळीतून पडल्यावर त्याचा ढीग दोन-तीन सेकंद टिकून मग सावकाश सपाट झाला पाहिजे. वेगवेगळ्या मैद्यांची पाणी शोषायची ताकद वेगवेगळी असते, म्हणून पहिल्यांदा दूध थोडं मागे ठेवा आणि लागलं तरच घाला.

तवा सपाट आणि जाड हवा. बिडाचा डोशाचा तवा उत्तम. मध्यमहून किंचित कमी आचेवर सात-आठ मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाका: तो तडतडून दोन-तीन सेकंदांत नाहीसा झाला तर तवा तयार. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळत सुटला तर तवा फार तापलाय. पॅनकेक बाहेरून करपेल आणि आत कच्चा राहील. डायनरच्या पॅनकेकचा सगळीकडे सारखा तपकिरी रंग हवा असेल तर तव्याला अगदी थोडं तेल लावून ते कापडाने जवळजवळ पुसून काढा. जास्त लोणी सोडलं की पांढरे-तपकिरी नकाशे उमटतात.

पाव कप, म्हणजे ६० मिलि पीठ एका जागी ओता; पळीने फिरवू नका. साधारण दोन मिनिटांनी कडेचे बुडबुडे फुटतील आणि त्यांची भोकं बुजायची थांबतील. कड ओलसर दिसायची थांबली की उलटा. दुसरी बाजू एका मिनिटात होते. कलथ्याने दाबू नका, नाहीतर फुललेली सगळी हवा निघून जाते. आणि तयार पॅनकेक लगेच एकावर एक रचू नका, खालचे वाफेने ओले होतात. ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) १०० अंशांवर ठेवून त्यात जाळीवर मांडा. चळत ताटात वाढतानाच रचायची.

रंग येत नसेल, पॅनकेक फिके राहत असतील तर दही फार आंबट आहे; आम्लामुळे तांबूसपणा उशिरा येतो. सोडा चिमूटभर वाढवा. उलट साबणासारखी चव आणि पिवळसर डाग दिसले तर सोडा जास्त झाला किंवा नीट चाळला गेला नाही.

अंडं नको असेल तर ते वगळून ५० मिलि दूध, एक मोठा चमचा तेल आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर वाढवा. चव जवळ येते, पॅनकेक थोडे ठिसूळ होतात. ते लहान आकाराचे घाला, उलटायला सोपे जातात.

बटाटा

सगळ्यात जास्त निराशा इथे होते. दोष कृतीचा कमी आणि बटाट्याचा जास्त असतो. अमेरिकेत हॅश ब्राउनसाठी रसेट जातीचा बटाटा वापरतात: पिष्ट भरपूर, पाणी कमी. आपल्या बाजारातला कुफरी पुखराज दिसायला छान पण पाणचट, तो टाळा. वेफर्ससाठी काढलेल्या कुफरी चिप्सोना जाती यासाठी चांगल्या. बाजारात त्या ‘शुगर-फ्री’ किंवा ‘चिप्सचा बटाटा’ म्हणून विकतात. ओळखता येत नसेल तर मिठाच्या पाण्याची परीक्षा घ्या. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटे टाका. बुडतो तो पिठूळ, तुमच्या कामाचा. तरंगतो तो रश्श्याच्या भाजीला.

काळं पडण्याची दोन कारणं आहेत, ती वेगळी ओळखायला हवीत. कच्चा कीस भांड्यातच करडा-गुलाबी होत असेल तर तो हवा लागल्यामुळे. कीस लगेच थंड पाण्यात सोडला की थांबतं. कीस पांढरा असताना तव्यावर पाच मिनिटांतच गडद होत असेल आणि चव गोडसर लागत असेल तर बटाटा थंडीत राहिलेला आहे. साधारण ८ अंशांखाली साठवलेल्या कच्च्या बटाट्यातल्या पिष्टाची साखर होत जाते आणि ती साखर तव्यावर लवकर करपते. शीतगृहातून आलेला बटाटा याच कारणाने दगा देतो, आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेलाही. बटाटे टोपलीत, अंधारात ठेवा. शीतगृहातले असतील तर आठ-दहा दिवस बाहेर राहू द्या, बरीच साखर उतरते.

दोघा-तिघांसाठी अर्धा किलो बटाटे आदल्या रात्री सालासकट पाण्यात घालून उकळा. कुकर नको, शिट्टीचा अंदाज इथे चुकतो. सुरी अर्ध्यापर्यंत सहज जाऊन मग अडली की काढा. गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. उकडल्यावर फ्रिजचं भय नाही, उलट थंडीत पिष्ट घट्ट होतं आणि सकाळी कीस मोकळा पडतो. सकाळी सोलून किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा.

आपला उपवासाचा बटाट्याचा कीस आणि हे, नातं जवळचं. पण कीस आपण झाकून वाफवतो आणि परततो. इथे झाकण अजिबात नको आणि हलवायचंही नाही. तव्यात दोन मोठे चमचे साजूक तूप तापवा (तूप यासाठी लोण्याहून सरस, ते करपत नाही). कीस बोटाच्या पेरापेक्षा पातळ थरात पसरा, कलथ्याने एकदाच हलकं दाबा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं हात मागे ठेवा. कड तपकिरी दिसली आणि तवा हलवल्यावर अख्खी चकती सरकली की चार भाग करून उलटा, कडेने आणखी एक चमचा तूप सोडा, पाच मिनिटं द्या. मीठ आणि मिरपूड शेवटी. आधी घातलेलं मीठ पाणी सोडवतं, आणि पाणी असेपर्यंत तव्यावर वाफच होते, कुरकुरीतपणा येत नाही.

न्यू जर्सीच्या डायनरमध्ये बरेचदा किसलेल्याऐवजी चौकोनी तुकड्यांचे होम फ्राइज देतात. मुलांना नेमकं काय आठवतंय ते विचारा. तेच हवे असतील तर दोन सेंटीमीटरचे तुकडे लिटरभर पाण्यात एक लहान चमचा व्हिनेगर आणि मीठ घालून शिजवा. व्हिनेगरमुळे कडा फुटत नाहीत. निथळून पंख्याखाली कोरडे करा, मग तुपात कांद्यासकट परता. पॅप्रिकाच्या जागी काश्मिरी मिरचीची पूड, पाव चमचा.

सिरप

मुलांना ‘तसं’ लागत नाही, त्याचा उलगडा आधी करायला हवा, कारण अमेरिकेत सिरप दोन प्रकारचं असतं. खरं मेपल सिरप म्हणजे शुगर मेपल झाडाचा रस आटवून केलेलं. हिवाळा सरताना, रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असं हवामान असताना रस वाहतो, आणि सुमारे ४० लिटर रस आटवल्यावर एक लिटर सिरप हाती येतं. जगातलं बहुतांश सिरप कॅनडातल्या क्वेबेकमधून येतं. अमेरिकेत व्हरमाँट पहिलं. हे पातळ असतं आणि महाग. साध्या डायनरच्या टेबलावरच्या बाटलीत मात्र बहुधा ‘पॅनकेक सिरप’ असतं: मक्याच्या साखरेचा पाक, रंग आणि मेपलचा वास. तुमच्या मुलांच्या जिभेवर कदाचित हेच बसलंय. मग महागडं खरं सिरप त्यांना पातळ आणि वेगळं लागलं तर नवल नाही.

तो मेपलचा वास आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे: मेथी. सोटोलोन नावाचं एक द्रव्य मेथीदाण्यात असतं, आणि नकली मेपल सिरपला वास द्यायला मेथीचा अर्क वापरतात. २००५ पासून काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून हवेत मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक बुचकळ्यात पडायचे. २००९ मध्ये उगम सापडला. नदीपलीकडे, तुमच्याच न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गनमध्ये सुगंधी द्रव्यांच्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची. मेथीच्या लाडवांचा डबा उघडल्यावर जो गोडसर, उबदार वास येतो, तो लक्षात आणा.

घरी करायला एक लहान चमचा मेथीदाणे मंद आचेवर दोन मिनिटं, रंग एक छटा गडद होईपर्यंत भाजा. लाल होऊ देऊ नका आणि कुटू तर मुळीच नका. कडूपणा बाहेर येतो. २५० मिलि उकळत्या पाण्यात घालून पंधरा मिनिटं झाका, गाळा. त्यात २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, चिमूट मीठ आणि साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून लिंबाचे चार थेंब घालून उकळा.

कुठे थांबायचं, यात गफलत होते. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या सुमारे चार अंश वर उतरवायचं असतं. मुंबईत ते १०४ अंश. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, म्हणून इथे १०२. अमेरिकन कृतीतला १०४ चा आकडा पुण्यात पाळला तर गार झाल्यावर पाक घट्ट होतो. थर्मामीटर नसेल तर काटा वापरा: रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवा, आणि आतला पाक ४५० ग्रॅम उरला की गॅस बंद. एकतारीच्या बराच आधी थांबायचं. गार झाल्यावर दोन थेंब व्हॅनिला. वाढताना कोमट करा.

काकवी घालू नका असं नाही, पॅनकेकवर ती सुरेख लागते. पण ती काकवीसारखीच लागते. मेपल म्हणून मुलांपुढे ठेवली तर मुलं ओळखतील. खरं मेपल सिरप विकत घेणार असाल तर जिन्नसांत एकच नाव आहे का ते बघा, आणि बाटली फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर बुरशी येते.

बेकन, सॉसेज, अंडी

अमेरिकन बेकन डुकराच्या पोटाकडचं, चरबीच्या पट्ट्यांचं असतं. ब्रिटिश पद्धतीचं पाठीकडचं बेकन कमी चरबीचं, ते कुरकुरीत होत नाही. पाकिटावर ‘स्ट्रीकी’ शब्द शोधा. पट्ट्या थंड तव्यात मांडून मग मंद गॅस लावा, म्हणजे मांस लाल होण्याआधी चरबी सुटते. पांढरा फेस आणि पाणी सुटलं तर ते मुरवलेलं मिठाचं पाणी आहे; ओतून टाका आणि पुढे चालू ठेवा. ओटीजीत २०० अंशांवर मधल्या खणात बारा ते पंधरा मिनिटं लागतात. किंचित लवचीक असतानाच काढा, कागदावर गार होताना ते कडक होतं. सुटलेली चरबी गाळून बटाट्यांना वापरा. चिकनच्या ‘बेकन’ला चरबी नसते, तेलाचा हात लावला नाही तर ते चामड्यासारखं होतं.

सॉसेजच्या टिक्क्या घरी बाजारच्या तोडीस तोड होतात. अर्धा किलो चरबीयुक्त पोर्क खिम्याला ८ ग्रॅम मीठ, एक लहान चमचा सुकं सेज (एक विलायती सुगंधी पाला), पाऊण लहान चमचा मिरी, पाव लहान चमचा चिली फ्लेक्स, दोन लहान चमचे ब्राउन शुगर. हाताला चिकटेपर्यंत मळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सेजला पर्याय नाही, ते मिळवाच. तुमच्या कृतीत थाइमही असेल आणि ते मिळालं नाही तर चार दाणे ओवा चालतो, दोन्हींत थायमॉल हे सुगंधी द्रव्य असतं. चिकन खिमा असेल तर मांडीचा घ्या आणि ५० ग्रॅम गार लोणी किसून घाला. सेंटीमीटरभर जाड टिक्क्या करून मधे अंगठ्याने खळगा करा, नाहीतर शिजताना फुगून गोल होतात. गोव्याचं चोरिस यात घालू नका. व्हिनेगर आणि मिरचीचा तो वेगळा पदार्थ आहे, त्याची जागा पावात.

तिकडचं बिस्किट, म्हणजे खारा मऊ लुसलुशीत पाव, जमवायचं असेल तर एकच गोष्ट सांभाळा: लोणी. २५० ग्रॅम मैद्यात एक मोठा चमचा बेकिंग पावडर आणि पाव लहान चमचा सोडा, आणि ८५ ग्रॅम खारं लोणी गोठवून किसून. मग दुधात फेटलेलं दही २०० ग्रॅम. तीनदा घडी घाला, अडीच सेंटीमीटर जाड थापा, वाटी सरळ खाली दाबून कापा (वाटी फिरवली की कडा मिटतात आणि बिस्किट फुगत नाही). २२० अंशांवर पंधरा मिनिटं. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरात लोणी हातातच वितळतं, तेव्हा थापलेलं पीठ भट्टीत घालण्याआधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

कॉफीत फसगत चिकोरीने (पुडीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या भुकटीने) होते. पाकिटावर चिकोरी शून्य लिहिलेली, मध्यम भाजलेली पूड घ्या, अर्धा लिटर पाण्याला ३० ग्रॅम, आणि फिल्टर पेपरमधून गाळा. स्टीलच्या फिल्टरचा दाट डिकॉक्शन पाण्याने वाढवून ती चव येत नाही.

सकाळचा क्रम असा ठेवा. बटाटे, सिरप, सॉसेजचं मिश्रण आदल्या रात्रीचं. उठल्यावर दही-दूध बाहेर काढा आणि बेकन ओटीजीत टाका. ते निघालं की ओटीजी १०० वर आणा. एका शेगडीवर बटाटे, दुसरीवर पॅनकेक. अंडी सगळ्यात शेवटी, सगळे टेबलाशी बसल्यावर: मंद-मध्यम आचेवर लोण्यात दीड-दोन मिनिटं, पांढरं बसलं की हलक्या हाताने उलटून पंधरा सेकंद, हे ‘ओव्हर ईझी’. पिवळं यात कच्चंच असतं, म्हणून अगदी लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि वयस्करांना पूर्ण शिजवून द्या. प्लेट्स ओटीजीतल्या जाळीखाली पाच मिनिटं कोमट करून घ्या. थंड काचेवर अंडं मिनिटभरात निवतं आणि लोणी थिजतं.